वाळू चालू असताना बोलायचे नाही

मित्रांनो, माझे आता वय झाले आहे, आणि माझी वाळू गेली तीन वर्षे एकाच जागी अडून बसली आहे. मी तीन मिनिटांची कुपी आहे. वाळूचे घड्याळ म्हटले की तुम्हाला चटकन समजेल. काचेचे दोन फुगे, मध्ये बारीकशी मान, आणि वर-खाली दोन लाकडी चकत्या. मला उलटे केले की वरची वाळू खाली उतरते आणि तीन मिनिटे होतात. मला एवढे एकच काम येते. या एवढ्याशा कामातून एका घराचे काय झाले, ते तुम्हाला सांगणार आहे. ऐकून माझा राग आला तर येऊ द्या, मला सवय आहे.

एका काचेच्या कारखान्यात, भट्टीसमोर उभे राहून एका कारागिराने मला फुंकून घडवले. मग मी वाळू चाळणाऱ्या बाईंच्या टेबलावर गेले. त्यांनी तीनदा चाळलेली वाळू माझ्यात भरली, भरायच्या भोकात बूच बसवले आणि मनगटावरच्या घड्याळाशी मला ताडून पाहिले. मी दोन सेकंद उशिरा संपले.

"चालतंय," बाई म्हणाल्या. "दोन सेकंदांनी कुणाचं अंडं बिघडत नाही."

माझा जन्म अंडी उकडण्यासाठी होता, हे मला तेव्हा कळले. एका घरातल्या आईने मला विकत घेतले. ती मला चुलीशेजारच्या फळीवर ठेवायची, सकाळी पुसायची आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत साधे आणि सुखाचे दिवस. मग ती आजारी पडली आणि गेली. तिच्यामागे कुणाला अंडी मोजून उकडायची हौस उरली नाही. मी ड्रॉवरमध्ये गेले. तिथे गंजलेला कॅन-ओपनर, वाळलेले रबरबँड आणि कुठल्या तरी हरवलेल्या कुलपाची किल्ली एवढीच माझी संगत होती. पाच वर्षे मला कुणी हात लावला नाही.

घर दुकानाच्या मागे होते, मध्ये एकच भिंत. दुकान चष्म्याचे. घराचे मालक, म्हणजे बाबा, डोळे तपासून नंबर काढायचे आणि थोरला मुलगा मागच्या यंत्रावर काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. धाकटी मुलगी तेव्हा शिकत होती. बाबांचा हात अगदी नेमका होता, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कुणाला काय बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर कळायचे, आणि तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असायचा.

एका सकाळी दुकानात आरडाओरड झाली. हे मी डोळ्यांनी पाहिले नाही, ड्रॉवरमधून ऐकले. एक बसड्रायव्हर नवा चष्मा परत घेऊन आला होता. उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसली होती आणि डावी उजवीकडे. तो चष्मा लावून तो स्वतःच्या घराच्या पायऱ्यांवरून पडला होता.

"बस चालवत असतो तर?" तो विचारत होता. "बसमध्ये माणसं असतात हो."

बाबांनी गिऱ्हाइकासमोरच थोरल्यावर डोक्यात राख घालून घेतली. "हे काम तुझ्या बापाचं नाव घालवायला शिकलास का? ऊठ. चालता हो. या दुकानात पुन्हा पाय ठेवू नकोस."

थोरला काहीतरी सांगू पाहत होता. "बाबा, चिठ्ठीवर..." एवढेच मला ऐकू आले. मग दार वाजले. तो अंगातला कामाचा अ‍ॅप्रनही न काढता गेला, हे मागून कानावर आले, आणि बारा वर्षे आला नाही. या सगळ्याला एक मिनिटही लागले नसेल.

तिसऱ्या दिवशी बाबांनी ड्रॉवर उघडला. त्यांच्या हातात ती ऑर्डरची चिठ्ठी होती. तिच्यावर बाबांच्याच अक्षरात उजवा नंबर डाव्या रकान्यात लिहिलेला होता आणि डावा उजव्या. मुलाने कागदावर होते तसेच केले होते. बाबांनी चिठ्ठीची घडी केली, माझ्याखाली सरकवली आणि ड्रॉवर बंद केला. तेव्हापासून ही गोष्ट दोघांनाच माहीत होती, त्यांना आणि मला. निदान मला तेव्हा तसे वाटले.

मुलगा गेल्यावर बाबा पत्ते खेळू लागले. समोरच्या दुकानात एक विधवा शिंपीणकाकू राहत. त्यांची जीभ त्यांच्या कात्रीइतकीच चालायची. त्या दर रविवारी दुपारी यायच्या आणि येताना जुन्या बटणांचा डबा आणायच्या. खेळ होता पोकर. मित्रांनो, या खेळात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते आपले आपण पाहायचे. टेबलावर पाच पत्ते उघडे पडतात, ते सगळ्यांचे. आपली जुळणी भारी वाटली तर पैज वाढवायची, नाही वाटली तर पत्ते टाकून डाव सोडायचा. हातात काही नसताना भारी असल्याचा आव आणला तरी चालतो. पैसे नव्हते, बटणेच होती. तरी बाबा एकदा हरले की चवताळायचे. गेलेली बटणे परत आणायची म्हणून पुढच्या डावात हातातली सगळी ढकलायचे, आणि तीही घालवून बसायचे.

काकूंची मात्र एक गंमत होती. कठीण डाव आला की त्या पदराची सुई काढायच्या आणि दोरा ओवायच्या. ओवून झाला की मगच बोलायच्या. त्या बहुतेक वेळा जिंकायच्या.

"चष्मेवाले, तुम्ही पत्त्यांना हरत नाही," त्या एकदा म्हणाल्या. "मागच्या डावाच्या रागाला हरता. डोकं तापलं की हात कामाला लावावा. मी सुई ओवते. तुम्ही तुमचं काहीतरी शोधा."

त्या संध्याकाळी बाबांनी ड्रॉवर उघडून मला बाहेर काढले. पाच वर्षांची धूळ त्यांनी काचा पुसायच्या मऊ फडक्याने पुसली. माझ्या आयुष्याची दुसरी पाळी तेव्हा सुरू झाली.

बाबांनी नियम केला. निर्णय अवघड असेल तर कुपी उलटी करायची. वाळू चालू असताना कुणी बोलायचे नाही. कुपीला हात लावायचा तो ज्याचा डाव असेल त्यानेच. आणि त्या तीन मिनिटांत मनात तीन प्रश्न विचारायचे. मला काय दिसते आहे? मला काय दिसावेसे वाटते आहे? आणि हरलो, तरी पुन्हा असाच निर्णय घेईन का? हे प्रश्न त्यांनी चष्म्याच्या रिकाम्या डबीत कागदावर लिहून ठेवले होते. दिवसभर गिऱ्हाइकाला "हे बरं दिसतं की हे?" विचारणाऱ्या माणसाला ते शोभत होते. वाळू चालू झाली की बाबा हळू श्वास घेत आणि चेहरा अगदी कोरा ठेवत. त्या चेहऱ्यावरून काकूंनाही काही वाचता येत नसे.

मित्रांनो, मी खोटा विनय करणार नाही. माझ्यामुळे तो माणूस बदलला. आधी पत्त्यांत, मग दुकानात. गिऱ्हाईक भांडायला आले की ते मला उलटे करायचे आणि गिऱ्हाईकच बिचारे शांत व्हायचे. धाकटीने शिक्षण संपवून "मी दुकानात बसणार, काचा मी घासणार" म्हटले, तेव्हा त्यांच्या तोंडावर नकार अगदी तयार होता. त्यांनी मला उलटे केले. तीन मिनिटांनी म्हणाले, "बस. पण यंत्रावर हात सांभाळ." धाकटी तेव्हा रडली होती आणि तिने माझ्या लाकडी चकतीवर ओठ टेकले होते. एवढे कौतुक माझे आयुष्यात कधी झाले नव्हते.

मात्र माझी तब्येत बिघडत चालली होती. एकदा मी टेबलावरून पडले आणि बूच सैल झाले. धाकटीने त्यावर मेण लावले, पण ओल आत जायची ती जायचीच. वाळूचे खडे होऊन मानेत अडायचे. बाबा एक टिचकी मारायचे, वाळू पुन्हा चालू. "नवं बूच बसवायला हवं," धाकटी दर महिन्याला म्हणायची आणि राहून जायचे. एका रविवारी मी अशीच अडले असता बाबांनी मुद्दाम टिचकी मारली नाही. सगळ्यांना पाव तास ताटकळत ठेवले. काकू शेवटी चिडल्या, तर म्हणाले, "वाळू संपली का? नाही ना? मग?" आणि पोट धरून हसले. तो त्या घरातला आवडता विनोद झाला होता.

एवढी वर्षे बाबांनी एक गोष्ट मात्र माझ्या ताब्यात दिली, ती द्यायला नको होती. अधूनमधून ते ड्रॉवरमधली ती चिठ्ठी काढत, फोनजवळ बसत, मला उलटे करत आणि मुलाला काय सांगायचे याचा विचार करत. वाळू संपायची. ते चिठ्ठी परत ठेवायचे. असे मी किती वेळा उलटी झाले ते मोजायचे मी सोडून दिले.

शेवटी फोन धाकटीने केला. थोरला दुसऱ्या शहरात ट्रकच्या काचा बसवायचे काम करत होता. येतो म्हणाला. रविवारी सकाळी येणार आणि सहाच्या बसने परत जाणार.

त्या सकाळी बाबांनी धाकटीला चिठ्ठी दाखवली आणि सगळे सांगितले. "त्याची चूक नव्हती. माझी होती. मी आज सांगणार आहे त्याला."

"मग तो दारात आला की आधी तेच सांगा, बाबा."

"छे, उतावीळपणा नको. आयुष्यभर उतावीळपणाच केला मी. आधी बसू, जेवू, एक डाव खेळू. नीट शब्द जुळवून सांगतो."

"त्यात जुळवायचं काय आहे?"

त्यांनी मला उलटे केले.

थोरला आला. केसांत पांढरे दिसू लागले होते आणि एका बोटावर काच लागल्याचा जुना व्रण होता. "प्रवास बरा झाला?" बाबांनी विचारले. "झाला," तो म्हणाला. जेवताना बाबांनी दोनदा घास खाली ठेवून तोंड उघडले, आणि दोन्ही वेळा मीठ मागितले. धाकटीचा जीव टांगणीला लागला होता. तिने टेबलाखालून बाबांच्या पायाला पाय लावलेला मी पाहिला.

जेवणानंतर काकू आल्या. थोरल्याला पाहून त्यांनी डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या, "वाळलास रे. बस, आज तुझी बटणं काढून घेते." चौघे बसले. बाबांनी थोरल्याला नियम समजावून सांगितले. वाळू चालू असताना बोलायचे नाही. ज्याचा डाव, त्यानेच कुपीला हात लावायचा. तो मान हलवून हसला. बापाच्या घरात बारा वर्षांनी आल्यावर आपल्या हातून काहीच चुकू नये, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते.

चार वाजून गेले असतील. एका डावात काकूंनी आणि धाकटीने पत्ते टाकले. थोरल्याने आपली सगळी बटणे पुढे ढकलली. आता बाबांची पाळी. त्यांनी पत्ते पाहिले, मुलाकडे पाहिले, आणि मला उलटे केले.

वाळू चालू झाली. खोलीत कुणी ब्र काढला नाही. काकूंची नजर माझ्यावर, धाकटीची माझ्यावर, थोरल्याचीही माझ्यावर. मी मात्र बाबांच्या अगदी समोर होते, म्हणून मला एकटीलाच दिसले. पहिल्या मिनिटात ते मुलाकडेच पाहत होते आणि त्यांचे ओठ हळूच हलत होते, जुळवल्यासारखे. मग ओठांची उजवी कड खाली आली. उजव्या हातातले पत्ते कलले आणि मांडीवर टेकले. चेहरा कोरा होता, नेहमीसारखाच कोरा. आणि त्याच वेळी माझ्या मानेत खडा अडला.

मित्रांनो, मला वाचा नाही. असती तर त्या दिवशी मी फुटेपर्यंत ओरडले असते.

ते वाट पाहत राहिले. वाळू थांबलेली सगळ्यांना दिसत होती. पण डाव बाबांचा, टिचकी बाबांनीच मारायची. काकूंना तो पाव तासाचा विनोद आठवला आणि त्या ओठ दाबून हसल्या. धाकटीला वाटले, बाबा शब्द जुळवत आहेत, त्यांना वेळ देऊ या. थोरल्याला वाटले, आपली परीक्षा चालली आहे, यावेळी आपण नियम मोडायचा नाही. तिघेही शहाण्यासारखे गप्प बसले. भिंतीवरचे घड्याळ दहा-अकरा मिनिटे पुढे सरकले. मग बाबांच्या तोंडातून लाळेची धार हातावर आली, आणि थोरला खुर्ची मागे ढकलून उठला.

"बाबा?"

पुढचे सगळे धावपळीचे. रुग्णवाहिका आली, माणसे आली, टेबल बाजूला सारले गेले. बटणे जमिनीभर झाली. मला कुणीतरी उचलून खिडकीत ठेवले.

मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. डॉक्टरांनी विचारले, त्रास कधी सुरू झाला? तिघांनाही सांगता येईना. थोडे आधी आणले असते तर फरक पडला असता का, हेही नक्की सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्या नक्की नसलेल्या वाक्याने धाकटीची झोप कायमची उडवली.

दोन दिवसांनी काकू खोली आवरायला आल्या. बाबांचे दोन पत्ते खुर्चीखाली पालथे पडले होते. काकूंनी ते उलटून पाहिले आणि तिथेच खाली बसल्या. एक दुर्री आणि एक सत्ती. कशाशी काही जुळत नव्हते. असा डाव सोडायला क्षणही लागत नाही, नवशिक्यालाही कुपी लागत नाही. बाबांनी मला पत्त्यांसाठी उलटे केलेच नव्हते.

"चष्मेवाले पोराला काहीतरी सांगायची तयारी करत होते," काकू धाकटीला म्हणाल्या. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आपल्याला जेवढं दिसत होतं, त्यावरून आपण बरोबरच वागलो, पोरी. खेळात हेच शिकलो ना आपण? निकालावरून निर्णयाला नावं ठेवायची नाहीत."

"काकू, आपण बघितलंच नाही," धाकटी म्हणाली. "आपण कुपीकडे बघत होतो."

बाबा वाचले. उजवी बाजू गेली आणि बोलणे गेले. घरी आणल्यावर धाकटीने ती चिठ्ठी थोरल्याच्या हातात दिली आणि बाबांनी सांगितलेला शब्द न् शब्द सांगितला. त्याने चिठ्ठी उघडलीही नाही.

"मला माहीत आहे गं हे. कागदावर होतं तसंच घासलं होतं मी. बारा वर्षं माहीत आहे."

"मग आलास कशाला, दादा?"

"त्यांच्या तोंडून ऐकायला."

तो अजूनही महिन्यातून एकदा येतो, सकाळच्या बसने. बाबांच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसतो. बाबा त्याला पाहिले की डाव्या हाताने त्याचे मनगट धरतात आणि जीव एकवटून बोलायचा प्रयत्न करतात. गळ्याच्या शिरा ताठ होतात, डोळ्यांतून पाणी येते, आणि तोंडातून निघतो तो एकच आवाज, "ह... ह...". थोरला थोडा वेळ ऐकतो. "राहू द्या, बाबा," असे म्हणून त्यांचे तोंड पुसतो. त्याला बाबांना काय म्हणायचे आहे ते कळते. तरी सहाची बस पकडायला निघताना त्याचा चेहरा मला दिसतो, आणि त्याचे मन भरलेले नाही हेही दिसते. पुढच्या महिन्यात तो पुन्हा येतो, बाबा पुन्हा प्रयत्न करतात.

मी अजून त्याच खिडकीत आहे. एक टिचकी मारली तर माझी वाळू आजही चालेल. पण त्या घरात मला कुणी हात लावत नाही, आणि मी कुणाला दोष देत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू अडत असेल तर तिची दुरुस्ती पुढे ढकलू नका, हे मी माझ्यासाठी मागते. दुसरे मागणे तुमच्यासाठी आहे. रागाचा शब्द ओठांवर आला असेल, हातून काही वेडेवाकडे घडणार असेल, तर माझ्यासारखी कुपी जरूर उलटी करा, दहादा करा. पण "माझे चुकले" एवढेच कुणाला सांगायचे राहिले असेल, तर शब्द जुळवत बसू नका. तो माणूस दारात असेल तर दारातच सांगा. दूर असेल तर आत्ता हे पान बाजूला ठेवा, आणि जोवर तुम्हाला बोलता येते आहे, तोवर सांगून या.